आग बाहेर, ऊब आत

माझ्या भावाला आमच्या बंबाचा दिवा करायचा होता. तांब्याचा तो बंब घासूनपुसून लखलखीत करायचा, त्याच्या अंगाला सगळीकडून बारीक भोकं पाडायची, आत बल्ब सोडायचा आणि नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला उभा करायचा, असा त्याचा बेत. कोणाच्या तरी घरी त्याने असा दिवा पाहिला होता. मोबाइलवर फोटो दाखवून झाला, भोकं पाडणारा माणूस ठरवून झाला, फक्त बंब तेवढा माळ्यावरून खाली यायचा होता. "झकास दिसतं गं ताई, नुसतं बघत बसावं," बाबू म्हणाला. बाबू म्हणजे माझा धाकटा भाऊ. पन्नाशी ओलांडली, मुलीचं लग्न झालं, तरी आमच्यासाठी बाबूच. मी मान हलवली. मनातून मात्र मला ते निवृत्त हवालदाराला लग्नाच्या दारात उभं करून गुलाबपाणी शिंपडायला लावण्यासारखं वाटत होतं.

मुलुंडची आमची बैठी चाळ आता पाडायची आहे. तिथे टॉवर येणार. निम्म्या खोल्यांची दारं आधीच निघालीत, कौलं उतरलीत, आणि आमची खोली तेवढी अजून कुलूप सांभाळून आहे. बाबू रस्त्यापलीकडच्या इमारतीत भाड्याने राहतो आणि काकी त्याच्याकडेच असते. पौषातली सकाळ होती. मी डोंबिवलीहून मुद्दाम आले होते, कारण उरलंसुरलं सामान हलवायचं होतं आणि बाबूवर सोडलं असतं तर त्याने अर्धं भंगारात घातलं असतं. काकीला आम्ही मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. अंगण म्हणजे पत्र्याच्या पडवीपुढची चार फरशांएवढी जागा, एक तुळस आणि कपडे वाळत घालायची तार.

माळ्यावरून बंब उतरला तो गोणपाटात गुंडाळलेला. गाठ सोडली आणि तो वास आला. राखेचा, जुन्या धुराचा, तांब्याचा आणि त्याखाली कुठेतरी उटण्याचा. वास इतकी वर्षं गोणपाटात दबून राहू शकतो हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तिथेच माळ्याच्या शिडीला धरून उभी राहिले आणि सांगायला लाज कसली, माझे डोळे भरून आले.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कमरेएवढ्या उंचीचं तांब्याचं गोल भांडं. त्याच्या पोटातून मधोमध एक नळकांडं आरपार गेलेलं, त्याच्या तळाशी जाळी. नळकांड्यात आग, भोवती पाणी. जळणाची लाकडं वरून टाकायची, राख जाळीतून खाली पडायची आणि तिथल्या छोट्या दारातून ओढून काढायची. पाणी वरच्या तोंडातून घालायचं आणि खालच्या तोटीतून घ्यायचं. चुलीवर हंडा ठेवला की जाळ चारी बाजूंनी पळून जातो. बंबात त्याला पळायला जागाच नाही, कुठेही वळला तरी पाणीच लागतं. हे काही मी शाळेत शिकले नाही. काकीने मला हाताला धरून दाखवलं होतं, इथेच, या फरशीवर.

काकी आमच्या घरी लग्न होऊन आली ती मालवणजवळच्या गावातून. काका कुर्ल्याच्या गिरणीत, माझे वडीलही तिथेच, आणि दोन भावांचे दोन संसार या एका खोलीत. मधे पडदा. आईकडे स्वयंपाक होता आणि काकीकडे आग. असं कोणी ठरवून दिलं नव्हतं. काकी आली त्या हिवाळ्यात तिने बंब पेटवला आणि दुसऱ्या दिवसापासून बंबाला दुसऱ्या कोणी हात लावायची हिंमत केली नाही, एवढंच.

मुलुंडला तेव्हा थंडी पडायची. डोंगर अगदी मागे, सकाळी त्यावरून वारा उतरायचा आणि पत्रे गार पडायचे. चाळीतल्या प्रत्येक मागच्या अंगणात बंब नाहीतर चूल पेटलेली असायची आणि सगळ्या चाळीवर धुराची गोधडी अंथरलेली. लोक खोकत उठायचे. आमच्या अंगणात मात्र धूर नसायचा. सुरुवातीला एक पांढरी रेघ, मग तीही नाही. नुसती हवा थरथरताना दिसायची बंबाच्या तोंडावर. शेजारच्या बायका विचारायच्या, पेटवलाय की नाही अजून? काकी म्हणायची, "धूर इलो म्हणजे लाकूड फुकट गेला." तिला धूर म्हणजे अपमान वाटायचा.

तिचं सगळं लक्ष लाकडावर. स्टेशनच्या बाजूला लाकडाची वखार होती, तिथे ओंडके फोडताना उडालेल्या ढलप्या मिळायच्या. त्या ती पोत्यात भरून आणायची आणि पडवीच्या आढ्याला फळी टांगली होती तिच्यावर रचून ठेवायची. यंदाच्या ढलप्या यंदा जाळायच्या नाहीत. पावसाळाभर त्या तिथे वाळायच्या, बंबाचीच धग घेत. पेटवायच्या आधी ती दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघायची. टण वाजलं तर आगीत. थप वाजलं तर परत फळीवर. मी शाळेचा अभ्यास करताना तो टण-थप ऐकायचे आणि न बघता ओळखायचे. नारळाची सोडणं वेगळी, करवंट्या वेगळ्या, बाभळीचे जाड तुकडे वेगळे. करवंटी पेट घ्यायला, ढलपी जाळ धरायला आणि बाभूळ तो टिकवायला. हा क्रम चुकला की ती न बोलता चिमट्याने सगळं बाहेर काढायची आणि पुन्हा लावायची.

आणि नियम. आधी पाणी, मग आग. पाण्याशिवाय बंब पेटवला तर डाख वितळतो, जोड सुटतात आणि भांडं मरतं. तांब्याभर गरम पाणी काढलं की तांब्याभर गार पाणी वरून घालायचं. आम्ही पोरं आंघोळीच्या घाईत विसरायचो. मग काकी मोरीच्या दाराबाहेरून ओरडायची, "घातलंस काय?" साबणाच्या डोळ्यांनी आम्ही बाहेर येऊन पाणी घालायचो आणि परत आत. शाळेचे कपडे ऊब लागावेत म्हणून तिने एक दोरी बांधली होती. बंबापाशी उभं राहून हात लांब करायचा आणि बोटांच्या पलीकडे दोरी. तिच्या अलीकडे रुमालसुद्धा नाही. त्या दोरीवरून काढलेला फ्रॉक अंगात घालताना जे वाटायचं, तसं मला पुढे कधी कशात वाटलं नाही. नोकरी लागली, गीझर आला, हीटर आला. फ्रॉकची सर नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला काकी आदल्या संध्याकाळी आमसुलाच्या पाण्याने आणि राखेने बंब घासायची. हळूहळू तांबूस रंग वर यायचा, तुरट-आंबट वास सुटायचा. तोटीला झेंडूची माळ, पोटाला कुंकवाचं बोट. पहाटे कारीट पायाखाली फुटायचं आणि मागे अंगणात बंब सूं सूं करत असायचा. पाणी तापलं का हे बघायला ती तोटी सोडायची नाही. हाताचा तळवा बंबाच्या अंगावर टेकवायची, एकदा खाली, एकदा वर. खाली कोमट आणि वर हात टिकेना म्हणजे झालं. तिच्या तळव्यावर एवढा भरवसा होता आमचा की पाण्यात बोट घालून बघायचंही कोणाला सुचायचं नाही.

हे सगळं मी शिडीला धरून आठवत होते आणि बाबू बंबावरची धूळ फुंकत होता. "अजून दणकट आहे बरं का," तो म्हणाला. "भोकं पाडायला जरा वेळ लागेल."

अंगणातून आवाज आला. काकी ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण तिला हवं ते ऐकू येतं.

"भोकां पाडलंस तर त्यात पाणी कसा रवतला?"

"काकी, पाणी कशाला आता? दिवा करणार आहे."

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "कर मगे. पन आधी माका एकदा त्येच्यात पाणी तापवन दी. सईच्या चेडवाक न्हाणूक घालूचा आसा."

सई म्हणजे बाबूची मुलगी. बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या लेकीला सव्वा महिना होऊन गेला होता. बाबूने कपाळाला हात लावला. "काकी, काय यार! तिकडे गीझर आहे. सई इथे येणार, धुरात? आणि भोकंवाला उद्या सकाळी येतोय. हा आता किती वर्षं बंद आहे, फुटलाबिटला तर दिव्याचीही वाट लागायची."

 मांडीवरचे हात काकीने उलटे केले आणि तळव्यांकडे बघत बसली. तिला बघून मला एकदम आठवलं की असंच, याच जागी, हात मांडीवर घेऊन ती एकदा गप्प बसली होती. तो हिवाळा बाबूचा.

बाबू जन्मला तेव्हा मी आठेक वर्षांची होते. आई त्याला दवाखान्यातून घरी घेऊन आली तेव्हा अशीच पौषाची थंडी होती. बाळंतपण करायला गावाहून मावशीआजी आली होती, वडिलांची मावशी. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. तिने किती बाळंतपणं केली होती ते तीच जाणे. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा तिचा पहिला आणि शेवटचा नियम. आल्या आल्या तिने पडद्याच्या पलीकडचा भाग ताब्यात घेतला. खिडकीच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या ठासल्या. मागच्या दाराला गोणपाट खिळे मारून लावलं, अंगणात जायचं ते चाळीला वळसा घालून. आईची बाज मधे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा. आत गेलं की अंधारात तो गोडसर तिखट वास नाकात शिरायचा. मला ती जगातली सगळ्यात सुंदर जागा वाटायची. ऊब तर अशी की बाहेर यावंसंच वाटू नये.

काकी पहिल्या दिवशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, खिडकी चार बोटां तरी उघडी ठेवा. आगीक पन श्वास घेवचो लागता. तिका मिळाक नाय तर ती आमचो घेता."

मावशीआजी म्हणाली, "तू आगीचा बघ. बाळंतपनाचा माका कळता. तुझ्या कुशीत पोर नाय, तुका काय ठावक?"

खोलीत सगळे होते. वडील होते, काका होते. कोणी काही बोललं नाही. काकी मागच्या अंगणात गेली आणि या फरशीवर बंबापाशी बसली, हात मांडीवर. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझ्या हातात दोन ढलप्या दिल्या आणि मी त्या आपटल्या. टण. ती म्हणाली, "वायच बरी हत."

दोन-तीन दिवस गेले. आईचं डोकं दुखायला लागलं. झोप येते, जड वाटतं, म्हणायची. मावशीआजी म्हणायची, होणारच, अंग रिकामं झालंय. बाबूचे गाल मात्र गुलाबी दिसत होते. मावशीआजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची, बघा, ऊब कशी मानवली पोराला! बाळ शांत होतं. रडत नव्हतं. चाळभर कौतुक झालं की किती गुणी बाळ आहे.

त्या सकाळी काकीने आंघोळीचं पाणी काढलं, बादली उचलली आणि पडद्याशी जाऊन आईला हाक मारली. आईने ओ दिली, पण जरा उशिरा. मी काकीच्या मागेच होते. मला त्यात काही वाटलं नाही. काकीने बादली खाली ठेवली, तीही अशी की पाणी हिंदकळलं नाही, आणि पुन्हा हाक मारली. आई म्हणाली, "हं." मग काही नाही. काकी आत गेली. तिने बाबूला उचललं. त्याचा हात दुपट्यातून बाहेर लोंबला आणि तसाच लोंबत राहिला.

काकीने गोणपाट ओढलं. खिळे निघाले नाहीत, गोणपाटच टरकलं. दार उघडून ती बाळाला घेऊन थंडीत बाहेर आली. मावशीआजी पुढच्या दारात जप करत होती, ती धावत आली. "अगो मारशीत त्येका! वारो लागात!" काकीने तिच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "आवशीक बाहेर ओढ. जा." मी आणि वडिलांनी आईला दंडाला धरून बाहेर आणलं. ती पायरीवर बसली आणि ओकली. अंगणात डोंगराचा गार वारा होता. काकी फरशीवर मांडी घालून बसली, बाबूला आडवं धरलं आणि त्याच्या पाठीवर, तळपायांवर हात घासत राहिली.  बंब शेजारी सूं सूं करत होता आणि बाकी सगळी चाळ गप्प.

मग बाबू रडला. आधी मांजराएवढा, मग चांगला टाहो फोडून. आई उठायला लागली, त्याला घ्यायला. काकी म्हणाली, "बस तू. रडाक दी त्येका. पोट भरून वारो घेवदे."

मावशीआजी वाईट बाई नव्हती, हे मला सांगायलाच हवं. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. संध्याकाळी आईला आणि बाबूला दवाखान्यात दाखवून आणलं, सगळं नीट होतं. त्यानंतर मावशीआजीने शेगडी स्वतःच्या हाताने बाहेर नेऊन ठेवली आणि काकीला विचारलं, "आता ऊब कशी देवची गो?" तिने विचारलं, हे मला मोठं वाटतं. अजूनही वाटतं.

काकीने दिली. आग बाहेर, ऊब आत. सुती जुनी धोतरं तिने चौपदरी घडी करून बंबाच्या पोटाला बांधली, वर जाळाजवळ नाही, खाली जिथे पाण्याची धग असते तिथे. पाणी मधे असल्यामुळे कापड करपायची भीती नाही. घडी गरम झाली की ती स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग पदराखाली घ्यायची आणि आत आईच्या कमरेला, पोटाला द्यायची. एक बाळाच्या पायाशी. तोवर दुसरी बंबावर तापत असायची. खिडकी चार बोटं उघडी. दिवसभर तिची ये-जा चालायची, पदराखाली हात दडवून, घाईने, ऊब वाटेत सांडू नये म्हणून. आईचा शेक असाच पूर्ण झाला. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. मोठेपणी मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, काकीइतकं थोडक्यात आणि इतक्या सुबकपणे कोणी काही सोडवलेलं पाहिलं नाही.

त्या सकाळबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. आईला ते सहन व्हायचं नाही, आणि मावशीआजीचं नाव खराब होऊ नये असं काकीलाच वाटायचं. बाबूला एवढंच माहीत होतं की तान्हा असताना काकीने त्याला थंडीत बाहेर काढलं आणि म्हाताऱ्या बायकांचं भांडण झालं. लहानपणी तो चिडवायचा, काकीने मला घराबाहेर काढलं होतं! काकी हसायची.

तर आता अंगणात ती हात मांडीवर घेऊन बसली होती आणि बाबू मोबाइलवर भोकंवाल्याचा नंबर शोधत होता. मी त्याच्या दंडाला धरलं आणि आत खोलीत नेलं. भिंतीत अजून ती खिडकी होती. मी त्याला सांगितलं. चिंध्या, गोणपाट, शेगडी. "तू रडत नव्हतास, बाबू," मी म्हटलं. "तुझा हात लोंबत होता."

तो खिडकीकडे बघत राहिला. आमचा बाबू थंडीतसुद्धा खिडकी बंद करून झोपत नाही. एसी लावला तरी फट ठेवतो, आणि त्यावरून बायकोचे बोल खातो. मला त्या क्षणी ते आठवलं. त्यालाही आठवलं असावं. त्याने खिशात मोबाइल टाकला, बाहेर गेला आणि बंब उचलून पडवीच्या खाली, जुन्या जागेवर नेऊन ठेवला.

"काकी, लाकूड कुठलं घेऊ?"

काकी खुर्चीत सरळ बसली. मग जी काही हुकूमत सुरू झाली! पाडलेल्या खोल्यांतून लाकडाचे ढीग पडले होते. बाबूने रंगवलेल्या दाराचा तुकडा आणला. "रंगाचा नको. त्येचो धूर वाईट." प्लायवूड आणलं. "ता तर मुळीच नको, त्येका चिकट लावलेली आसा." शेवटी माळ्याच्या जुन्या फळ्या निघाल्या, बिनरंगाच्या. बाबूने त्या फोडल्या आणि दोन तुकडे माझ्या हातात दिले. मी आपटले. टण. काकीच्या तोंडावर हसू आलं.

आधी पाणी. बादल्या ओतल्या आणि आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. जोड सुटला असेल तर इथेच सगळं संपणार होतं. काकी खुर्चीतून पुढे वाकली होती, तिचे ओठ हलत होते. तोटीशी एक थेंब आला, मग आणखी एक. तिने सुताचा धागा मागितला, बाबूने पाणी परत बादल्यांत काढलं, आट्यांवर धागा गुंडाळून तोटी पुन्हा बसवली आणि बंब भरला. थेंब थांबला. खालची फरशी कोरडी राहिली.

बाबूने बंबात वर्तमानपत्र कोंबलं, त्यावर जाडच्या जाड लाकूड घातलं आणि काडी लावली. असा काही धूर झाला की रस्त्यावरचा वॉचमन बघायला आला. "बाहेर काढ सगळा," काकी म्हणाली. "श्वास कोंडलस त्येचो. बारीक घाल. बारीक! मोठा मगे. खालचा दार उघड." त्याने निमूटपणे सगळं बाहेर काढलं, करवंट्या घातल्या, त्यावर काड्या उभ्या मांडल्या, राखेचं दार उघडलं. या वेळी पांढरी रेघ वर गेली, पातळ झाली आणि दिसेनाशी झाली. हवा थरथरायला लागली. जरा वेळाने बंब सूं करायला लागला. मी डोळे मिटले. मी फ्रॉकमध्ये होते.

सई बाळाला घेऊन आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. पोरगी आजकालची, दारातच थांबली. "आत्या, धूर नाही ना? डॉक्टर ओरडेल हं मला."

"शोधून दाखव," मी म्हटलं.

काकीला आम्ही धरून बंबापाशी नेलं. तिने तळवा खाली टेकवला, मग वर.  "झाला," ती म्हणाली. बाळाला तिने स्वतः पायावर घेतलं नाही, तेवढं बळ उरलेलं नाही. सईच्या पायांवर बाळ, बाबू पाण्यात विसण घालून देतोय, सई कोपराने बघून घेतेय आणि काकी खुर्चीतून सांगतेय, मान धर, डोळ्यावर नको. बाळ आधी दचकलं, मग पाय ताणून गप्प झालं. फरशीवरून वाफ उठत होती. टॉवेलसाठी सईने हात पुढे केला तर बाबू म्हणाला, "थांब." त्याने टॉवेल चौपदरी घडी करून बंबाच्या पोटाला लावून ठेवला होता. खाली, पाण्याच्या धगीशी. हे त्याला मी खोलीत सांगितलं होतं, पण गालाला लावून बघायचं सांगायला विसरले होते. त्याने घडी काढली, स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि मग नातीभोवती गुंडाळली.

काकीने ते पाहिलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि तसाच ठेवला.

इतक्यात बाबूचा फोन वाजला. त्याचे हात ओले, त्याने स्पीकर लावून फोन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. भोकंवाला होता. "साहेब, सकाळी येतो ना मग? मशीन घेऊन?"

बाबूने एक हात बंबावर ठेवला. चटका बसला असणार, पण काढला नाही.

"नको रे," तो म्हणाला. "भांडं वापरात आहे."

"बाबा, टॉवरमध्ये पेटवणार कुठे?" सई म्हणाली.

"बघू. गावच्या घराला मागे पडवी आहे. बघू ना."

मला वाटलं, काकी आता काहीतरी म्हणेल, आशीर्वाद देईल, निदान बाबूच्या पाठीवरून हात फिरवेल. ती तोटीखालच्या अर्ध्या भरलेल्या बादलीकडे बघत होती.

"एवढा पाणी काढलंस," ती बाबूला म्हणाली. "मगे वरसून घाल झिला. रिकामो ठेवू नको त्येका."